धाकटीच्या हातची डाळ

थोरलीच्या पोटात दुखत होतं, पण ते डॉक्टरला दाखवण्यासारखं दुखणं नव्हतं. धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली, त्याला महिनाही झाला नसेल. एका दुपारी सासऱ्यांनी तिच्या हातच्या डाळीची वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाले, "अशी डाळ या घरात आजवर झाली नव्हती." बस्स, एवढंच. पण अकरा वर्षं त्या घरात डाळ शिजवत कोण होतं? थोरलीच ना! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडावर मात्र हसू आणून ती म्हणाली, "मग आता डाळ तूच करत जा गं. मी आपला भात लावीन." आणि मनात म्हणाली, हिच्या हातचा थेंबही माझ्या घशाखाली उतरणार नाही.

बोलल्याप्रमाणे वागणारी बाई ती. खाली गाद्या-उशांचं दुकान आणि वर दोन खोल्या, असा त्यांचा संसार. दुपारी सगळे एकदम वर जेवायला बसत, तेव्हा थोरली म्हणे, "दुकान उघडं टाकून कसं चालेल? मी मागून जेवते." सगळ्यांना ती किती समजूतदार वाटे! मागून ती वर जाई, आपण लावलेला भात मिठाशी खाई, नाहीतर उकडलेला बटाटा, आणि वर भरपूर साखर घातलेला बिनदुधाचा चहा. तिच्या वाटणीची डाळ ती मागच्या गल्लीतल्या कुत्रीला घाली. धाकटीनं केलेली अंडी, धाकटीनं लावलेलं दही, सगळं त्याच वाटेनं जाई. असं सव्वा वर्ष चाललं. कुत्री मात्र बघण्यासारखी तुकतुकीत झाली.

थोरलीचं काय होत होतं, ते तिच्या ध्यानात येत होतं आणि येतही नव्हतं. कंगव्यात केसांचे पुंजके निघू लागले. बोटाला दाभण टोचलं, ती जखम महिना झाला तरी भरेना. गादी शिवताना दोघी जावा दोन टोकांना बसून मधल्या ओळीकडे सरकत येत. पूर्वी थोरली आधी पोचून धाकटीची वाट बघायची. आता धाकटी आधी पोचे आणि पुढ्यात हात ठेवून बसून राही. थोरलीचे दंड दोऱ्याला ओढ देऊन भरून येत. "मुद्दाम घाई करते," थोरली पुटपुटे. धाकटीचे दाट केस, भरलेले गाल, जिना चढताना न लागणारा दम, सगळं तिच्या डोळ्यांत खुपे. ही काय खाते एवढं, असं तिला वाटे. काय खाते ते रोज कुत्रीपुढे ओतत असूनही वाटे!

मग एक नवल झालं. थोरलीचा चेहरा भरू लागला. बोटातली अंगठी घट्ट झाली, पावलं गोबरी दिसू लागली. सासरेही म्हणाले, "सूनबाई, तब्येत सुधारली हो तुझी." थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जिंकलीच ती! त्या दुपारी गादीपाशी तिनं आपला पाय धाकटीसमोर लांब केला.

"बघ, मीही अंगानं भरले म्हटलं. तुझ्या डाळीवाचून काही अडलं नाही माझं."

शेवटचं वाक्य धाकटीला कळलं नाही. पण या धंद्यात कुठलीही भरलेली गोष्ट दिसली की हात आधी पुढे जातो. चांगला पिंजलेला कापूस अंगठ्यानं दाबला की लगेच वर येतो, भिजून बसलेला कापूस खळगा धरून ठेवतो. तिनं सवयीनं थोरलीच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तिथेच राहिला. दोघी बघत बसल्या.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "हे वर का येत नाही?"

थोरलीनं स्वतः दुसरीकडे दाबून पाहिलं. तिथेही खळगा. गाद्यांमध्ये जन्म गेलेल्या बाईला त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता.

धाकटीनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं. रक्त, लघवी तपासून झाली, किडनी आणि लिव्हर ठीक निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवणात काय असतं?"

धाकटीनंच उत्तर दिलं, "सगळं असतं. रोज डाळ, अंडी, दही. मी स्वतः करते."

"यांच्या पोटात किती जातं?"

थोरलीनं पायांकडे पाहिलं. खोटं बोलावं, तर पाय समोर सुजून पडलेले. खरं बोलावं, तर ही शेजारी बसलेली. जीव मोठा की तोरा मोठा, हे ठरवायला तिला लाज वाटेल इतका वेळ लागला.

"कुत्रीला घालते मी," ती शेवटी म्हणाली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ही चरबी नाही, पाणी आहे. रक्तातलं प्रोटीन उतरलं की पाणी नसांबाहेर झिरपतं. केस, जखमा, हातापायांची ताकद, सगळं प्रोटीनवर चालतं. त्याचे काही घटक शरीराला बनवताच येत नाहीत, ते खाण्यातूनच यावे लागतात. भातात ते आहेत, पण थोडे, आणि एक तर फारच कमी. तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जो कमी, तो भात भरून काढतो. दोन्ही लागतात, बाई."

परत येताना थोरलीला वाटलं, आता ही घरभर सांगणार. धाकटी वर गेली, डाळ गरम केली, वाटी थोरलीपुढे ठेवली आणि म्हणाली,

"तुम्ही मागून जेवता म्हणून तळाची घट्ट डाळ मी रोज तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवायचे. बाबांनाही द्यायचे नाही."

आणि ती पाठ फिरवून भांडी लावू लागली.

थोरलीनं भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. तिला वाटलं होतं, निदान मीठ तरी कमी असेल. कमी नव्हतं. काहीच कमी नव्हतं. डाळ सासरे म्हणाले होते तितकीच चांगली होती, आणि थोरलीचा नुसता जळफळाट झाला, डोळ्यांना धारा लागल्या. वाटी रिकामी झाली, तेव्हा ती धाकटीच्या पाठीकडे धरून थोरली म्हणाली, "अजून आहे का गं?"