उलट्या उताराची फरशी

रसिका माझी विद्यार्थिनी. फळा पुसायची पाळी आली की ती खुर्चीवर चढून वरचे कोपरेसुद्धा पुसून काढायची. आता पालिकेत कनिष्ठ अभियंता आहे. ठेकेदाराचं काम तपासायचं आणि ते समाधानकारक आहे की नाही ते लिहून द्यायचं, ही तिची नोकरी.

मोहने गावातल्या एका शाळेत मुलींसाठी नवं स्वच्छतागृह बांधलं. तपासायला गेलेल्या रसिकाने फरशीवर बादलीभर पाणी ओतलं. ते आतल्या जाळीकडे जायला हवं होतं. ते निवांतपणे दाराकडे आलं आणि तिच्या चपलांपाशी साचलं.

"उतार उलटा आहे. फरशी उखडून पुन्हा बसवा," ती म्हणाली आणि तिने 'काम असमाधानकारक' असा शेरा मारला.

ठेकेदार हितेश. तोही रसिकाच्याच वर्गातला, गावच्या जुन्या घरातला, हसतमुख. "अगं रसिके, वायपर कशाला असतो मग?" म्हणाला. फरशी उखडण्याऐवजी त्याने वर तक्रार नेली. वाद सुरू झाला की वादातल्या कामाला कुणी हात लावायचा नाही, कारण तोच पुरावा. दाराला सील लागलं. जुनं स्वच्छतागृह तर आधीच पाडलं होतं. शेरा मारताना हे रसिकाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचं सगळं लक्ष उतारावर होतं.

काही दिवसांनी मुख्याध्यापिका शुभदाने तिला बोलावून घेतलं.

"मुली पाणीच पीत नाहीत गं. बाटल्या भरलेल्याच घरी जातात. मोठ्या मुली तर जेवणाच्या सुट्टीतच घरी सोडा म्हणतात."

"पण मॅडम, ओल्या फरशीवर कुणी घसरून पडली तर?"

"पुसून घेऊ आम्ही. दार तर उघडू दे."

रसिकाने मधला मार्ग काढून पाहिला. दोघांनी मिळून उताराचा पंचनामा करायचा, मग दुरुस्ती. हितेश म्हणाला, "त्याच्यावर सही केली म्हणजे चूक मान्य केली. मी नाय करणार. तू दुरुस्ती झाली असं लिही, मी तक्रार मागे घेतो. दार उद्याच उघडेल."

त्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. मी मटार सोलत होते, तीही सोलू लागली.

"बाई, तुम्ही काय केलं असतं?"

मी पुढची शेंग उचलली. दाणे वाटीत पडत राहिले.

हितेशच्या गवंड्याने दारापाशी सिमेंटचा हात फिरवला, उतार तसाच राहिला. रसिकाने 'दुरुस्ती समाधानकारक' असं लिहिलं. सील निघालं. शुभदाने तिला पेढा दिला, तो तिने पर्समध्ये ठेवला.

महिन्याभरात टिटवाळ्याच्या शाळेतल्या नव्या स्वच्छतागृहाचं काम तपासायला आलं. तोच ठेकेदार, तोच गवंडी. दारातूनच रसिकाला उलटा उतार कळला. पण इथे जुनं स्वच्छतागृह अजून चालू होतं, मुलींची अडचण नव्हती. इथे नाही म्हणता येईल असं तिला वाटलं.

हितेश तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. लोक होते, म्हणून अहोजाहो. "मॅडम, मोहन्याला अशीच फरशी चालली तुम्हाला. इथे नाही म्हणालात तर तिथली पण परत तपासतील. मग परत सील. बघा बुवा."

त्याच्या आवाजात धमकी नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तसंच होणार होतं. इथला उतार चुकला म्हणायचं, तर मोहन्याची सही खोटी ठरणार. रसिकाने स्वतःवरची चौकशी पत्करली असती. पण मोहन्याचं दार तिला पुन्हा बंद करायचं नव्हतं.

तिने सही केली.

टिटवाळ्याच्या मुख्याध्यापिका खूश झाल्या. "किती पटकन झालं हो! गुरुवारी उद्घाटन ठेवलंय. नारळ तुमच्याच हातून फोडायचा आहे."

"दुसऱ्या कुणाला तरी..."

"छे, छे! तुमच्याशिवाय कोण?"

हितेशने तिथल्या तिथे गवंड्याला नारळ आणायला सांगून टाकलं. रसिका "बरं" म्हणाली.