लाईट पाह्यले पार्वताबाई

माहा लहाना भाऊ जीवन नवा कॅमेरा घेऊन राहिला. घेतला नाई, घेऊन राहिला. तीन वर्षं झाली. तेवढ्यात माह्या पोरीची सोयरीक जुळली, लग्न लागलं, अन् तिले पोरगंबी झालं. पण लग्न लहान गोठ हाय ना बाप्पा, चार दिवसांत ठरते. कॅमेऱ्याचा इचार करा लागते.

चांदूर रेल्वेत टेशनकडून बाजाराकडं येतानी जीवनचा फोटो स्टुडिओ लागते. मी माधवी, त्याची मोठी बहीण. गावातच दिली म्हणून माही सुटका नाई. स्टुडिओतल्या कम्प्युटरवर बसून लग्नाचे अल्बम मी बनवते. अल्बम नसले की गेलेल्या लोकायचे फोटो बनवते. कोणी गेलं की घरचे एखाद्या जुन्या लग्नाचा गर्दीचा फोटो आणतात, "हे मांगं उभे हायत ना, थे आमचे बाबा," म्हणतात, अन् मी त्या बाबाले गर्दीतून कापून काढते अन् आंगात कोट घालून देते. जिंदगीभर ज्यानं कोट पाह्यला नाई, तो तेरवीले कोटात दिसते. घरचे खूश.

स्टुडिओच्या ओट्यावर आमची माय बसते, पार्वताबाई. आमी माळी. झेंडू-शेवंतीचे हार विकता विकता तिले चाळीस वर्षं झाली. ओटा तिचाच होता, मांगचा स्टुडिओ तिनं पोरासाठी नंतर बांधला. आता फोटो आतून न्या, हार बाहेरून घ्या. अन् माय हासली की सारे दात दिसत. मोठाले, पांढरे, समोरच्या दोनात फट. तेरवीचा हार न्याले आलेला माणूसबी तिच्यासंगं जरासा हासून जाये.

गेल्या उन्हाळ्यात अमरावतीच्या दातायच्या डॉक्टरनं सांगितलं, वरचे सारे दात हालून राहिले, काढा लागतीन. कवळी मंग तीन महिन्यांनी. मायनं दिवाळीनंतरचा सोमवार धरला, कावून का दसरा-दिवाळी झेंडूचा सीझन. घरी आली अन् जीवनले म्हणे, "बाबू, साऱ्या गावाच्या फोटोले हार मी केले. आता माहा एक फोटो काढून ठेव. भिंतीवरचा. दात हायत तोवर, हासतानीचा. मंग मले कोण्या गर्दीतून कापा नाई लागणार."

"काढतो ना माय," जीवन म्हणे. "पण आता कशाले? फुल फ्रेम येऊन राहिला."

आता हे फुल फ्रेम काय हाय, ते तुमाले सांगते, मले रोज जेवतानी ऐका लागते म्हणून. कॅमेऱ्याच्या आत फोटो धरणारी एक चौकोनी चिप असते. जीवनच्या कॅमेऱ्यातली लहान, फुल फ्रेममंधली मोठी. मोठी असली की अंधारातबी फोटो साफ येते, दाणे दाणे दिसत नाई. बस, एवढंच. एवढ्यासाठी माह्या भावानं तीन वर्षं मोबाईलवर साऱ्या दुनियेच्या कॅमेरेवाल्यायचे व्हिडिओ पाह्यले. इंग्रजीतले. बारावीत इंग्रजीले गचकलेला माणूस.

नुसत्या व्हिडिओवर तो कसा इश्वास ठेवीन? टेस्ट पाह्यजे. मंग अमरावतीहून दोन दिवसांसाठी भाड्यानं फुल फ्रेम आणायचा, अन् आवाज द्यायचा, "माय, जराशी उभी राह्य वं. लाईट पाह्यचा हाय."

माय हातातला दोरा ठेवून उभी राह्यची. दहा वर्षांपासून तिचं हेच काम. लग्नाले निघायच्या आंधी फ्लॅश पाह्यले माय, नवा पडदा लावला की माय. एक फोटो जुन्या कॅमेऱ्यानं, एक भाड्याच्या कॅमेऱ्यानं. मंग जीवन दोन्ही फोटो मोठे करे, मोठे करे, पार एक कान दिसेपर्यंत मोठे करे. जुन्यातला कान, नव्यातला कान, बाजूबाजूले जोडून अकोल्याच्या श्यामले पाठवे. श्यामचा अकोल्यात मोठा स्टुडिओ, त्याच्यापाशी फुल फ्रेम हाय, म्हणून तो न्यायाधीश. "ओळख, फुल फ्रेम कोणता?" श्याम दर बारी चुकीचा सांगे.

कोण्याबी शहाण्या माणसानं म्हटलं असतं, फरक दिसत नाई, जुनाच बरा. आमचा जीवन म्हणे, "म्हंजे टेस्ट बराबर झाली नाई."

मंग तो भाड्याचा कॅमेरा घेऊन सेमाडोहले गेला. मेळघाटात वाघ हाय, वाघाच्या आंगावरचे केस मोजले की फैसला. मांगच्या जिप्सीवाल्यायले वाघ दिसला. तवा आमचे साहेब लेन्स बदलून राहिले होते. वांदराचे दोनशे फोटो आणले. वांदरं साफ आले होते, खोटं कावून बोलू.

गणपती झाले. मी म्हटलं, "जीवन, लेका, जुन्यावर काढून टाक मायचा फोटो. नवा आला की अजून काढ."

"माह्या मायचा भिंतीवरचा फोटो अन् जुन्या कॅमेऱ्यावर?" त्याले असा राग आला जसं काई मी मायले शिवी दिली. "जिंदगीत एकदा काढाचा फोटो हाय थो."

"मंग मी मोबाईलवर काढते."

त्याच्यावर मायच भडकली. "पोराचा स्टुडिओ असतानी मी मोबाईलसमोर बसू? लोक काय म्हणतीन?" मले टोमणे माराले जमते. हातातला मोबाईल उचलाले दोन सेकंद लागतात, ते नाई जमलं. हे मी आज कबूल करते.

दसऱ्याले एकदाचा मुहूर्त लागला. जीवन सकाळीच अमरावतीले गेला. जुना कॅमेरा दुकानदाराले देऊन टाकला, एक्स्चेंजमंधी. संध्याकाळी आला तवा हातात पेढ्याचा डब्बा.

"कॅमेरा कुठी हाय?" मी म्हटलं.

"स्टॉक संपला. चार दिवसांत येईन म्हणे."

"अन् जुना?"

"थो तं देला ना."

म्हंजे पाहा. स्टुडिओत दोन छत्र्या, तीन लाईट, डोंगराचा पडदा, सारं हाय. कॅमेरा नाई. चार दिवसांचे आठ झाले, आठाचे पंधरा. दिवाळी गेली. लग्नायले अजून वेळ होता, म्हणून जीवन निवांत. माय रोज संध्याकाळी झेंडू आवरला की आत डोकावे, "आला का रे?" मंग परत जाऊन बसे. शेवटल्या रविवारी तिनं नवं लुगडं नेसलं होतं. कोणालेच काई म्हटलं नाई. रात्री घडी करून ठेवून देलं.

सोमवारी मी तिले दात काढाले अमरावतीले नेलं. येतानी गाडीत ती तोंडाले पदर लावून बसली.

गुरुवारी कॅमेरा आला.

जीवननं पूजा केली, नारळ फोडलं, मायले स्टुलावर बसवलं. तेच लुगडं. लाईट लावले. "हास ना वं माय."

मायनं मान हालवली. ओठ आत गेले होते, गाल बसले होते. "हास ना, जराशी," तो म्हणे. तिनं पदर तोंडावर घेतला. यानं तसाच फोटो काढला, अन् कम्प्युटरवर मोठा करून मले दाखवते, "पाह्य ताई, पदराचा धागा न् धागा मोजून घे!"

मंग मात्र माहं डोस्कं फिरलं. "धागे मोजून राहिला? पदर तोंडावर कावून हाय, थे पाह्य ना, गधड्या!" माह्या डोयात पाणी आलं.

मी हार्डडिस्क उघडली. दहा वर्षं माय लाईट पाह्यले उभी राह्यली, एखादा तं आख्खा फोटो असन. 'टेस्ट' नावाचं फोल्डर सापडलं. त्याच्यात माय होती. कान. भुवई. पांढऱ्या केसायची बट. हनुवटीवरचं गोंदण. कान, कान, अजून कान. श्यामले पाठवलेले तुकडे सारे जपून ठेवले होते. आख्खी माय एकातबी नोती.

शेवटी एक तुकडा निघाला. नुसते दात. माय कशावर तरी खदखदा हासली होती, अन् यानं तोंड तेवढं कापून ठेवलं होतं. समोरच्या दोनातली फट साफ दिसे. कोण्या कॅमेऱ्याचा होता, ते लिहिलं नोतं.

मी प्रिंट काढून बाहेर मायच्या हातात देली. जीवनबी मांगून येऊन उभा राह्यला. मायनं उजेडाकडं धरून पाह्यली.

"दात माहेच हायत," ती म्हणे. "अन् बाकीची मी कुठी गेली?"

जीवन खाली पाहून राह्यला होता. "डिलीट केली, माय. कार्डात जागा नसते."

"हाव," माय म्हणे. तिच्या मनात टोमणा नोता, तो तं मले येते. "लग्नावाल्यायचे फोटो राह्यले पाह्यजे. लोकायचं काम हाय." प्रिंट तिनं कमरेच्या पिशवीत ठेवली, मंग परत काढली अन् माह्याकडं देली. "याले पलास्टिक लावून दे, माधवे. फुलायचं पाणी लागते."