चेहरा पास करायचा दिवस

अमरावतीत एका शिल्पकाराकडे, आमच्या भाऊंकडे, मी तीस वर्षं साचे काढले. गेलेल्या माणसांचे चेहरे आणि त्यांचे घरचे लोक इतकी वर्षं एकाच शेडमध्ये भेटत राहिले, की किस्से साठणारच! 

आमच्याकडे मातीचा चेहरा तयार झाला की घरचे येऊन तो पास करतात. मग साचा, मग ओतकाम.

*

मूर्तिजापूरकडच्या एका सरपंचांचा अर्धपुतळा होता. मुलं म्हणाली, "टोपी पाहिजेच! गावानं बाबाले टोपीतच पाह्यलं." भाऊंनी टोपी घातली. पास करायला सरपंचांच्या पत्नी आल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "घरात टोपी काढून ठेवत होते ना ते. मी कशी वळखू?"

मुलं हसली. त्या हसल्या नाहीत.

*

एका घरी वडिलांचा फोटो होता तो फक्त आधार कार्डावरचा. भाऊ म्हणाले, "त्याच्यात कोनी जित्तं दिसते का?" शेवटी वडिलांच्या वळणावर गेलेली धाकटी मुलगी समोर बसवली. वडील गेले तेव्हा ती पाळण्यात होती. तीन दिवस गप्प बसली, चौथ्या दिवशी तिनं विचारलं, "बाबाचे कान खरंच माह्यासारखे होते?"

"डिट्टो!" भाऊ म्हणाले. त्यांनी त्या माणसाला कधी पाहिलंही नव्हतं.

*

अकोल्याच्या एका चौकात भाऊंनी घडवलेला मोठा पुतळा अनावरणाची तारीख मिळेना म्हणून दोन वर्षं ताडपत्रीत उभा होता. एकदा हवालदारानं विचारलं, "कोनाचा हो हा?"

"अजून कोनाचाच नाई!" भाऊ म्हणाले.

मी हसलो खरा, पण भाऊ ताडपत्रीची सुटलेली दोरी बांधत राहिले.

*

हिवरखेडचा एक लाइनमन खांबावर काम करताना गेला. गावानं त्याचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं. पास करायला एका सोमवारी त्याची आई एकटीच एसटीनं आली. मातीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "नाई, हा तो नाई."

भाऊंनी ओठ सुधारले. पुढच्या सोमवारी म्हणाली, "कपाळ नाई जमलं." त्याच्या पुढच्या सोमवारी हनुवटी! गावातून फोनवर फोन यायला लागले. पाचव्या सोमवारी मी वैतागलोच, "माय, आता काय चुकलं?"

"काही नाई चुकलं, बापू. पयल्याच दिवशी तोच होता. पन तूच म्हनला होता ना, साचा काढला का मातीचं तोंड मोडते."

 

भाऊ उठले. हात ओला करून त्या चेहऱ्यासमोर उभे राहिले, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "नाक जराकसं राह्यलंच आहे, माय. येजा पुढच्या सोमवारी."