पेपरातली ओळ पळाली

माझी शाळा चौथीपर्यंत. तेवढी अक्षरं टिकली ती पेपरमुळे, कारण घरात वाचायला दुसरं काहीच नव्हतं. सकाळच्या एसटीतून पेपरांचा गठ्ठा वरवट बकालच्या स्टँडवर उतरायचा आणि आमचे मालक दूध घालून येताना एक पेपर घेऊन यायचे. दुपारी भांडी झाली की मी तो घेऊन आत्याबाईंजवळ बसायची. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या डोळ्यांना आता फक्त उजेड कळतो.

चार माणसांत माझा आवाज निघत नाही. लग्नकार्यात मी चुलीपाशीच बरी. पण आत्याबाईंपुढे मोठ्यानं वाचायची, ओळीखाली बोट ठेवून. बोट सरकलं की शब्द निघायचा, बोट उचललं की मी हरवायची. शाईनं काळं झालेलं तेच बोट लावून केस मागं सारले की मालक हसायचे. "आज मोठी बातमी दिसते. कपाळावर छापून आली!"

आत्याबाईंचा हुकूम ठरलेला. "आधी कोण गेलं ते वाच. राजकारण मंग."

मागच्या उन्हाळ्यात गठ्ठा यायचा बंद झाला. पेपरवाल्यानं मालकांना सांगितलं, "भाऊ, सगळे मोबाईलवरच पाहून राह्यले. दोन-चार पेपरांसाठी गठ्ठा कोण पाठवते?" मला धसकाच बसला. आत्याबाईंची दुपार तर गेलीच, माझी अक्षरंही जातील असं वाटलं. निंदण-खुरपण हात विसरत नाही, जोडाक्षर मात्र विसरतं.

मुलीनं मोबाईलवर तोच पेपर उघडून दिला, पानं आणि फोटोंसकट. "माय, बोटानं मोठं कर अन् वाच," असं सांगून ती कॉलेजला गेली.

आत्याबाईंच्या माहेरच्या गावचे एक म्हातारे वारले होते. मी सवयीनं ओळीखाली बोट ठेवलं. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले..." बोट सरकलं तसं पानही सरकलं. मी न थांबता दिसेल ते वाचत गेले. "...जुना टीव्ही द्या, नवा घेऊन जा."

आत्याबाईंनी मान माझ्याकडं वळवली. "काऊन वं, बुढा टीव्ही ठेवून गेला?"

मी ओळ शोधून पुन्हा बोट ठेवलं, तर सोन्याचं दुकान आलं. बोट न ठेवता वाचलं, तर एकच ओळ दोनदा वाचली. "राहू दे बाई, थकली असशीन," आत्याबाई म्हणाल्या. पेपर वाचताना त्या कधी राहू दे म्हणत नाहीत. ते मला लागलं.

उठून अंगण झाडायला घेतलं, तर झाडूची एक काडी निसटून पडली. ती उचलताना शाळेतल्या बाई आठवल्या. पुस्तक मळू नये म्हणून त्या आम्हाला बोटाऐवजी काडी धरून वाचायला लावायच्या. मी काडी पदराला पुसली, आत गेले, ओळीखाली धरून हळूच सरकवली. पान जागचं हललं नाही. मोबाईलला काडी कळतच नव्हती.

मग मी आत्याबाईंना पहिल्यापासून वाचून दाखवलं. "...पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे."

"मंग टीव्ही?"

"टीव्ही नाई, आत्याबाई."

"बरं झालं. वाटणीत भांडले असते," त्या म्हणाल्या आणि भिंतीला नीट टेकून बसल्या. "हं, आता दुसरं कोण गेलं ते वाच."