शून्याचा रकाना

आमच्या पदवीचं नाव घरी कोणाला नीट सांगता येत नसे. बिझनेस मॅथेमॅटिक्स म्हटलं की नातेवाईक विचारत, "म्हणजे कॉमर्स का सायन्स?" मधलं काहीतरी, असं सांगून विषय संपवायचा. कॉलेज वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यावरून आत वळल्यावर. तिथे तीन वर्षांत जे शिकवलं ते थोडक्यात असं: जे अपुरं आहे ते कोणाला द्यायचं आणि कोणाला नाही, हे भांडण न होता कसं ठरवायचं.

तिसऱ्या वर्षाला नेमणुकीचं गणित होतं. माणसं ओळींत मांडायची, कामं रकान्यांत. प्रत्येक चौकटीत त्या माणसाला त्या कामासाठी लागणारा वेळ लिहायचा. मग ठरावीक वजाबाक्या करत गेलं की एका माणसाला एक काम असं वाटप निघतं आणि सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी लागतो. माणसं जास्त आणि कामं कमी असतील तर एक खोटं काम वाढवायचं. त्याच्या रकान्यात सगळीकडे शून्य. ज्याच्या वाट्याला तो रकाना येईल त्याने घरी बसायचं.

हा विषय शिकवणाऱ्या सरांचा आवाज कधी चढत नसे. गरज पडत नसे. प्रोजेक्टसाठी ते चौघांचे गट करत आणि कामं तीनच देत: बाजारातून माहिती आणणं, अहवाल लिहिणं, सर्वांसमोर सादरीकरण. आकडेमोड चौघांनी मिळून करायची. कोणी कोणतं काम करायचं हे गटाने स्वतःचे वेळ मोजून, याच पद्धतीने ठरवायचं. शून्याच्या रकान्यात गेलेला सादरीकरणाच्या दिवशी मागच्या बाकावर बसे.

पहिल्याच तासाला एकाने विचारलं, "सर, चौथ्यासाठी एखादं खरं काम काढता येणार नाही का?"

"येईल की. कंपन्याही काढतात. मग बुडतात."

आमच्या गटात एक मुलगा होता. त्याच्या घरच्यांच्या मालगाड्या दोन पिढ्या मार्केट यार्डात लागत होत्या. तिथले अर्धे आडते त्याला लहानपणापासून ओळखत, त्यामुळे माहिती आणण्यात तो सर्वांत वेगवान. एक मुलगी इंग्रजी शाळेतली, कॅम्पात राहणारी, सादरीकरण तिचं. अहवाल मी भरभर लिहीत असे. चौथी वाशीमहून आलेली. वर्गात तिला सरळ "वाशीमची" म्हणत. ती तिन्ही कामांत दुसरी होती. बाजारात माझ्यापेक्षा आणि कॅम्पातलीपेक्षा चपळ, लिहिण्यात माझ्या किंचित मागे, बोलण्यात कॅम्पातलीच्या थोडी मागे. चौघांच्या ओळींची बेरीज केली तर तिची सर्वांत कमी होती. पद्धत ओळींची बेरीज बघत नाही. आम्हा तिघांना आपापलं काम मिळालं आणि तिला शून्य.

सरांनी फळ्यावर तिच्या ओळीतल्या शून्याभोवती चौकोन काढला.

"सर, पण मला तिन्ही येतं," ती म्हणाली.

"दिसतंय. म्हणूनच तुमच्यावाचून कुठे अडत नाही. गणितावर राग धरू नका, ते तुमच्या नात्यातलं नाही."

वर्ग हसला. दर वर्षी याच जागी हसत असणार.

इतर गटांतल्या चौथ्यांनी फार मनावर घेतलं नाही. तिचं तसं नव्हतं. त्या वर्षी सादरीकरण बघायला खराडीतल्या एका मालवाहतूक कंपनीचा अधिकारी येणार होता आणि प्रत्येक गटातून एकाला नोकरीवर घेणार होता. तिची धाकटी बहीण बारावीला होती. तिला हीच पदवी करायची होती, पुण्यातच. घरून दोघींना बाहेर ठेवणं शक्य नव्हतं. थोरलीला इथे नोकरी लागली तर धाकटीने तिच्याजवळ राहून शिकायचं, असं ठरलं होतं. कॅन्टीनमध्ये हे तिने आम्हाला एकदाच सांगितलं, पाठ केल्यासारखं.

मालगाड्यावाल्यांचा मुलगा म्हणाला, "यार, माझं काम घे. मला कुठे नोकरी करायचीय? अब्बा सोडणारेत थोडीच."

तो सरांकडे गेलाही. सर म्हणाले, "दानधर्म अभ्यासक्रमात नाही." मात्र एक सोय होती. ज्याला आपले वेळ चुकीचे वाटतात त्याने एकदाच पुन्हा मोजून घ्यावे. नवा तक्ता लागू झाला की जुना रद्द. तिने लगेच हात वर केला.

मोजणारा गटातलाच हवा, असा नियम. मोबाइलवरचं घड्याळ माझ्या हातात होतं. आम्ही सकाळी मार्केट यार्डात गेलो. तीन गाळ्यांवर बटाट्याचा भाव विचारून लिहून आणायचा होता. तिने तो पटकन लिहून घेतला आणि कांद्याच्या बाजूला चहाच्या टपरीवर जाऊन बसली. हमाल पोती घेऊन जाताना ओरडत होते, ती पाय आत घेत होती.

"झालं ना? थांबवू?" मी विचारलं.

"नको. चालू दे."

"अगं, वेळ वाढतोय."

"वाढू दे. वाढायलाच पाहिजे."

मग तिने समजावलं. पुस्तकातल्या गणितात पहिली पायरी अशी असते की प्रत्येक ओळीतला सर्वांत लहान आकडा त्या ओळीतून वजा करायचा. म्हणजे ज्याचे बाकीचे आकडे मोठे, त्याचं एकच काम उठून दिसतं. ती बोलण्याची तयारी करणार होती आणि बाकी दोन कामांत मंद होणार होती. "मी सगळ्यांत बरी आहे ना, तिथेच घोळ झाला. एकातच बरी दिसले की तेच मिळेल." मला ते पटलं. तिने दुसरा चहा मागवला.

अहवालाच्या पानालाही तिने तसंच केलं. पान लिहून झालं होतं, ती पेनाचं टोपण लावत आणि काढत बसली. सादरीकरणासाठी मात्र ती आठवडाभर हॉस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्यांसमोर इंग्रजीत बोलत होती. मोजलं तेव्हा ठरलेला मुद्दा समजावण्याचा तिचा वेळ आधीपेक्षा खरोखर कमी भरला. कॅम्पातलीपेक्षा तरीही जास्तच होता.

सरांनी नवा तक्ता फळ्यावर मांडला. शून्य पुन्हा तिलाच. ते तक्त्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिले.

"माहिती आणण्यात आपण अचानक इतक्या मागे पडलात? आजारी होता?"

"नाही सर."

"मग आपण हुशारी केलीत." त्यांनी खडूने शून्यांचा उभा रकाना दाखवला. "प्रत्येक ओळीत आधीच एक शून्य बसलंय. ओळीतला सर्वांत लहान आकडा कोणता? शून्य. वजा काय करणार? शून्य. आपण स्वतःच्या ओळीत स्वतःशीच शर्यत लावलीत. शर्यत रकान्यात असते, आणि त्या रकान्यात आपल्यापुढे कोणीतरी आहे." मग वर्गाकडे वळून, "लिहून घ्या. परीक्षेत ही चूक हमखास होते."

सगळ्यांनी लिहून घेतलं. तिनेही.

सादरीकरणाच्या दिवशी ती मागच्या बाकावर, इस्त्रीच्या कपड्यांत. कंपनीचा अधिकारी चाळिशीचा, सौम्य बोलणारा. कॅम्पातली चांगलीच बोलली. त्याने टाळ्या वाजवल्या, पण प्रश्न सादरीकरणावर विचारला नाही. त्याने गटाचा वेळांचा तक्ता मागितला आणि मोबाइलवर ओळींच्या बेरजा करू लागला.

"एकाच कामात तरबेज माणसं आमच्याकडे भरपूर आहेत," तो सरांना म्हणाला. "एक रजेवर गेला की ऑफिस बंद. मला असा माणूस हवा की कुठेही बसवला तरी चालेल. मागे बसलेले असले तरी चालतील. या चौथ्या कोण?"

ती उभी राहिली.

त्याने पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. "अच्छा. तुमची बेरीज तर सर्वांत जास्त आहे."

"सर, तो दुसरा तक्ता आहे. पहिल्यात माझी सर्वांत कमी होती."

अधिकाऱ्याने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "पहिला यांनीच रद्द करून घेतला."

"का?"

उत्तर तिनेच दिलं. "मी मुद्दाम सावकाश केलं होतं. टपरीवर बसून राहिले."

अधिकारी हसला, अगदी मनापासून. "मुलाखतीत असं सांगतात का कधी?" पुढच्या गटाला बोलावायची खूण करत तो सरांना म्हणाला, "काम टाळायचे एवढे कष्ट मी पहिल्यांदाच बघतोय."

नव्या तक्त्यात सर्वांत कमी बेरीज माझी होती. आमच्या गटातून माझी निवड झाली.

संध्याकाळी आम्ही दोघी नगर रस्त्यावर बसची वाट बघत उभ्या होतो. तिने माझं अभिनंदन केलं आणि कुठल्या तारखेपासून जायचं ते विचारलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. डंपरच्या आवाजात ऐकू येईना म्हणून तिने स्पीकर लावला.

"ताई, झालं काय वं?"

"नाही झालं."

"काहून? तुले तं सगळंच येते."

पलीकडे थोडा वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

"मंग मी कोणतं कॉलेज भरू?"

"तिथलंच भर."

"इथं तं बीएच हाय नुसतं."

"मग बीए भर."

"बरं," बहीण म्हणाली. मग जरा थांबून, "तू कधी येतं?"

बस आली. गर्दी होती. मी चढले आणि मागे वळून पाहिलं तर ती चढली नव्हती. फोन कानाला लावून ती रस्ता ओलांडत होती, समोरच्या बाजूला, जिथे नगरवरून पुढे वाशीमकडे जाणाऱ्या गाड्या थांबतात.