मुऱ्हाळ्याच्या गाडीचा पंखा

लेकीच्या लग्नानंतरची पहिलीच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते आणि तिला आणायला घरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून जातो. लेक धुळ्याला, देवपुरात दिलेली. फोनवर ती म्हणाली, "पप्पा, एवढ्या उन्हात कशाला येता? मी बसने येते ना."

मला ते लागलं. याच गाडीतून मी तिला दहावीच्या परीक्षेला सोडलं होतं, याच गाडीतून साखरपुड्याची खरेदी केली होती. पहिल्या आखाजीला ती एसटीतून पिशवी घेऊन उतरणार आणि मी जळगावात, मेहरूणमध्ये ओसरीवर बसून वाट बघणार? "मी येतोय," म्हणालो, "गाडी घेऊन."

अडचण एवढीच होती की गाडी तापत होती. बाजारात जाऊन येईतो काटा लाल रेघेला टेकायचा. बायको म्हणाली, "मिस्त्रीला दाखवा." आता, मी शाळेत विज्ञान शिकवतो. शिवाय गल्लीतले निम्मे कुलर दर उन्हाळ्यात मीच दुरुस्त करतो, फुकट, आणि न बोलावता. अशा माणसाने रेडिएटरच्या पंख्यासाठी मिस्त्रीकडे जावं?

मी पद्धतशीर तपास केला. फ्यूज पाहिला, शाबूत. रिले बदलून पाहिला, फरक नाही. मग पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट दोन वायरी लावल्या. मोटर ढिम्म. म्हणजे मोटर गेली. इथपर्यंत माझं काहीही चुकलं नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो, कारण पुढे अभिमानाने सांगण्यासारखं काही नाही.

भंगार बाजारातून तशीच एक मोटर आणली. तिचा प्लग आमच्या गाडीला बसेना, म्हणून तो कापला. आत दोन वायरी, दोन्ही काळ्या. कोणती कुठे? मी क्षणभरही थांबलो नाही. वीस वर्षं कुलर जोडतोय. कुलरला कोणतीही वायर कुठेही जोडा, पंखा सरळच फिरतो. जोडल्या, वर टेप गुंडाळला, गाडी चालू करून एसी लावला. पंखा भर्रकन सुटला.

मग मी गाडीसमोर जाऊन उभा राहिलो. जळगावचा माणूस पंख्याची परीक्षा एकाच रीतीने करतो: तोंडावर वारा येतो का? असा वारा आला की माझे उरलेसुरले केस मागे गेले. मी बायकोला हाक मारली, "ये, बघ, काय हवा टाकतोय!"

तिने दारातूनच विचारलं, "गाडी दुरुस्त केली की अंगणाला कुलर बसवला?"

मी हसलो. ती खऱ्या दोषाच्या सगळ्यात जवळ पोचली होती, हे मला कळायला एक दिवस जायचा होता.

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. हवा गार होती, काटा शहाण्यासारखा अर्ध्यावर. देवपुरात व्याह्यांनी दारातच विचारलं, "गाडीने त्रास नाही ना दिला, भाऊ? पत्र्याचं वय झालंय." मी म्हणालो, "पंखा स्वतः बसवलाय." दुपारी आमरस-मांड्यांचं जेवण झाल्यावर ते पुन्हा म्हणाले, "ऊन फार आहे. आमची गाडी न्या, तुमची इथे राहू द्या." व्याह्यांच्या गाडीतून मुऱ्हाळी! मी इतक्या नम्रपणे नकार दिला की लेकीने मला कोपरानं ढोसलं.

पारोळ्यापर्यंत गप्पा मारत आलो. पारोळा सुटलं आणि काटा चढू लागला. दोन-तीन किलोमीटरवर बॉनेटमधून वाफ. एका निंबाखाली गाडी थांबवली.

"बसने आले असते तर आतापर्यंत एरंडोल गेलं असतं," लेक म्हणाली.

"बसही तापते," मी म्हणालो.

बॉनेट उघडलं. पंखा जोरात फिरत होता. "बघ," मी वर्गात सांगतो तसं सांगितलं, "पंखा चालू आहे. म्हणजे दोष पंख्यात नाही." मग मी आळीपाळीने थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, रेडिएटरचं झाकण आणि व्याह्यांची दृष्ट यांच्यावर संशय घेतला. गाडी निवल्यावर प्यायच्या दोन्ही बाटल्या रेडिएटरमध्ये ओतल्या. एखादा कोस पुढे गेलो आणि पुन्हा वाफ, पुन्हा एक निंब. आता पाणीही नव्हतं. सूर्य कलायला लागला होता. घरी तिची आई दारात येऊन-जाऊन असणार, गल्लीत आखाजीचे झोके बांधून झाले असणार, आणि ज्या पोरीसाठी हे सगळं, ती बापाच्या विज्ञानाने रस्त्यावर उभी.

"पप्पा, घरून कोणाला तरी बोलवू का?" तिने हळूच विचारलं. थट्टा नव्हती त्यात. ती थट्टा करत होती तोवर मला बरं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारच्या शेतातून एक आबा आले. वाकून आत पाहिलं, पाण्याची कळशी आणून ठेवली. मग गाडीच्या पुढे, जाळीसमोर, उकिडवे बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटले.

"आबा, तिथे कशाला? सावलीत बसा ना," लेक म्हणाली.

"आठे हवा शे, बेटा."

"गरम असेल."

"गरम शे, पण हवा शे ना!"

लेक हसली. हसता हसता थांबली. आबांच्या पायाजवळचा निंबाचा पाचोळा गाडीपासून दूर, रस्त्याकडे पळत होता. तिने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पप्पा, रेडिएटर जाळीमागे आहे, आणि पंखा त्याच्याही मागे. मग पंख्याने बाहेरची हवा आत ओढायला पाहिजे ना?"

"हो."

"मग आबांना वारा कसा लागतोय?"

दरवर्षी दहावीच्या वर्गात मी फळ्यावर बाण काढून सांगतो, की बॅटरीची धारा एकाच दिशेने वाहते, जोडणी उलटी केली की मोटर उलटी फिरते. हा प्रश्न परीक्षेला येतो, दोन गुणांना. कुलर घरच्या विजेवर चालतो, त्याला फरक पडत नाही; गाडी बॅटरीवर चालते, तिला पडतो. माझा पंखा दोन दिवस इमानदारीने इंजिनाची धग रेडिएटरवर आणि रस्त्यावर फेकत होता, आणि मी गाडी पळवून समोरून आत येणाऱ्या हवेची त्याच्याशी झुंज लावत होतो.

गाडी बंद करून दोघांनी टेप सोडला, हात काळे करत वायरींची अदलाबदल केली, निवलेल्या रेडिएटरमध्ये कळशी ओतली आणि गाडी चालू केली. या वेळी परीक्षा लेकीने घेतली. मांडे बांधून दिलेला वर्तमानपत्राचा कागद तिने जाळीजवळ धरला. कागद चप्पकन जाळीला चिकटला. आबा मात्र नाराज झाले. "हवा गई," म्हणाले, टोपी घातली आणि रिकामी कळशी घेऊन निघाले.

पुढे काटा हलला नाही. मी रस्ताभर बायकोला द्यायचं स्पष्टीकरण तयार करत होतो: एरंडोलला वाहतूक अडली होती, व्याही सोडेनात, असं काहीबाही. गल्लीत शिरलो तेव्हा अजून उजेड होता. झोक्यावरच्या पोरींनी गाडी ओळखली आणि एकच गलका झाला. लेकीने नीट थांबूही दिलं नाही. दार उघडून, काळ्या हातांनीच पळाली. बायको पायरी उतरून तिच्या मागे. दोघी झोक्यापाशी गळ्यात गळा घालून उभ्या. उशीर का झाला, हे मला कोणीही विचारलं नाही.

मी एका हातात व्याह्यांनी दिलेली आंब्यांची पाटी, दुसऱ्या हातात मांड्यांचं गाठोडं घेऊन बराच वेळ उभा राहिलो. इतकं चांगलं स्पष्टीकरण वाया चाललं होतं. शेवटी शेजारच्या अक्का दिसल्या, त्यांना आपणहून म्हणालो, "एरंडोलला फार गर्दी होती हो."

"असेल," त्या झोक्याकडे बघतच म्हणाल्या. "पोरगी आली ना?"

आली होती. मी पाटी खाली ठेवली.