शेवटच्या पानापासून वाचणारा

पैसे खिडकीत सरकवले आणि रांगेतल्या मागच्या म्हाताऱ्यानं माझं मनगटच धरलं! कडेवर पोरगी, नवरा फौजेत, त्यानं साठवलेलं सगळं मी अमीनाबादच्या बाजारातल्या या कंपनीत व्याजानं ठेवायला आणलेलं. मी ओरडणार, तेवढ्यात त्यानं काउंटरवरचा कंपनीचा चकचकीत रिपोर्ट उघडला, तोही शेवटून. बोटाला थुंकी लावून पानं उलटली, बारीक अक्षरांतल्या उधारीच्या ओळीवर थांबला.

"बिटिया, मुनाफा हर साल छपा है. नकद कहाँ आया? माल गया, पैसा किसी ने दिया ही नहीं."

मी घाबरून पैसे मागं ओढले. खिडकीतला बाबू हसला, "अरे भाभीजी, ये तो दूसरी कंपनी का एजेंट है!"

म्हाताऱ्याचं बोट मात्र त्या ओळीवरून हललं नाही.

खिडकी बंद व्हायला आली होती. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?